कुंडईच्या वळणावरचा अर्धा सेकंद

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या रिपरिप पावसात, मी भाच्याच्या शेजारी बसून पणजीहून फोंड्याला येत होतो. गाडी त्याची नव्हती. सणासाठी पुण्याहून त्याच्याबरोबर आलेल्या मित्राची ती गाडी होती, साडेचारशेच्या घरात अश्वशक्ती असलेली आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणारी. मित्राने हौसेने चावी पुढे केली आणि भाच्याने ती तितक्याच आनंदाने घेतली. कुंडई ओलांडून मंगेशीकडे येताना एका वळणावर, वळण पुरते संपण्याआधीच, त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीची मागची बाजू एकदम बाहेर सरकली. घाबरून त्याने पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि त्याच दमात स्टिअरिंगही ओढले. गाडी स्वतःभोवती फिरली आणि रस्त्याकडेच्या चिखलात, चिऱ्यांच्या गडग्यापासून हातभर अंतरावर, आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. वेग जेमतेम सत्तर होता.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. आमच्या मागून एक बाई स्कूटरवर पुढे लहान मुलाला उभे करून येत होती. तिने स्कूटर थांबवली, आमच्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. तिची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

माझा भाचा बेफिकीर मुलगा नाही. सहा वर्षे तो पुण्याच्या गर्दीत एक साधी, लहान गाडी रोज चालवतो आहे, दारूला शिवत नाही आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगतो. तो हुल्लडबाज असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण गाडी थांबल्यावर तो पांढराफटक चेहरा करून म्हणाला, “मामा, काय झालं ते मला कळलंच नाही.” हे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि माझ्या मते सगळा धोका त्या वाक्यात आहे.

माझी पिढी मारुती ८०० वर शिकली. ७९६ सीसीचे इंजिन, सुमारे ३७ अश्वशक्ती, आणि शून्यापासून शंभरचा वेग गाठायला वीसेक सेकंद. नव्वदच्या पुढे गेले की दारे थरथरत, वारा शिट्टी घाली आणि स्टिअरिंग हलके पडे. त्या गाडीला तुमची चूक पटली नाही तर ती तसे आधी सांगे आणि मग वेळही देई. पाऊस पडलेल्या उतारावर आम्ही वळण चुकवले, ब्रेक उशिरा लावला, गिअर भलताच टाकला, आणि तरीही बहुतेक वेळा सावरलो, ते आमच्या हुशारीमुळे नव्हे, तर गाडी संथ होती म्हणून. आज बाजारात मिळणाऱ्या शक्तिशाली गाड्यांपैकी कित्येक चार सेकंदांत शंभर गाठतात. याचा अर्थ असा की सिग्नलवरून निघाल्यावर साठेक मीटरच्या आत त्या महामार्गाच्या वेगात असतात, आणि आतला आवाज मात्र दिवाणखान्यासारखा शांत असतो. चूक झाली आहे हे शरीराला कळण्याआधीच ती घडून गेलेली असते.

त्या संध्याकाळी नेमके काय घडले ते मी नंतर समजून घेतले. प्रत्येक टायर साधारण तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला धरून असतो आणि त्या पकडीतूनच वळणे, वेग घेणे आणि थांबणे ही तिन्ही कामे भागवायची असतात. ओल्या वळणावर मागचे टायर वळण्यातच गुंतलेले असताना त्यांच्याकडून वेगाचीही मागणी झाली, म्हणून पकड सुटली. त्यानंतर पाय उचलल्याबरोबर आणि ब्रेक दाबल्याबरोबर गाडीचे वजन पुढे झुकले, मागचा भाग आणखी हलका झाला आणि जे थोडे सावरण्यासारखे होते तेही हातचे गेले. साध्या गाडीत घाबरल्यावर पाय उचलणे हा बहुधा योग्य उपाय ठरतो, आणि भाच्याच्या सहा वर्षांच्या अनुभवाने त्याला तेच शिकवले होते. अनुभव होता, पण तो दुसऱ्या यंत्राचा होता. अशा वेळी नजर जायच्या दिशेला ठेवून, घसरणाऱ्या बाजूकडे स्टिअरिंग मोजके वळवून, पायाने कोणताही झटका न देता गाडी धरायची असते. हे मी इथे सहज लिहू शकतो, पण त्या अर्ध्या सेकंदात माझ्याही हातून ते झाले नसते.

गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, होती. मित्राने गाडी ‘स्पोर्ट’ मोडवर ठेवली होती, आणि त्या मोडमध्ये पुष्कळ गाड्यांची ही यंत्रणा मुद्दाम उशिरा हस्तक्षेप करते, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

वेगाचा हिशेब आपण शाळेत शिकलेलो असतो, पण रस्त्यावर तो कोणाला आठवत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. शंभरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढी जागा संपते. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी चाळीस ते पन्नास मीटर लागतात आणि ओल्या रस्त्यावर त्याहून बरेच जास्त. महागडी गाडी उत्तम ब्रेक देते हे खरे. पण दचकलेल्या माणसाचा पाय कोणत्याही कंपनीला बदलता येत नाही. शिवाय मुरलेल्या हातालाही मर्यादा असते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात ज्या पोर्श करेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला, ती चालवणारा त्याचा मित्र रेसिंगचा अनुभव असलेला होता. त्या गाडीला स्टेबिलिटी कंट्रोल नव्हते, टायर सुमारे नऊ वर्षांचे होते आणि ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग १३० ते १५० च्या दरम्यान होता, असे तपासात निघाले. तेव्हापासून मी टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचतो. पहिले दोन आठवड्याचे असतात, पुढचे दोन वर्षाचे.

आपल्याकडे साडेसात टनांपर्यंतच्या सगळ्या हलक्या वाहनांना एकच परवाना चालतो. म्हणजे लहान गाडीवर आठाचा आकडा काढून आणि थोडे मागे घेऊन दाखवणारा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी सहाशे अश्वशक्तीच्या गाडीत कायदेशीरपणे बसू शकतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत नवशिक्या चालकाला, वजनाच्या प्रत्येक टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकद असलेली गाडी चालवता येत नाही. मारुती ८०० चा हा आकडा चाळीसच्या थोडा पुढे भरतो आणि आमच्या त्या गाडीचा दोनशेच्या जवळपास. असा नियम इथेही असावा असे मला मनापासून वाटते. श्रीमंतांवर अन्याय होईल हा त्यावरचा आक्षेप मला पटत नाही, कारण गाडी विकत घेण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही, फक्त थोडी वर्षे थांबायला सांगितले जाते.

गोव्यात तर हे अधिकच निकडीचे आहे. नवा झुआरी पूल, पणजीचा अटल सेतू आणि रुंद झालेला महामार्ग यांनी वेगाची सवय लावली, पण पुलावरून उतरून दहा मिनिटांत आपण पुन्हा पूर्वीच्याच अरुंद गोव्यात येतो. भोम गावात घरे आणि देवळे रस्त्याला खेटून आहेत. म्हार्दोळला फुलवाल्या बसतात, सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवरून फिरतो, आणि पावसाळ्यात रात्री कोरड्या डांबरावर गुरे ठाण मांडून असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावर एका भरधाव आलिशान गाडीने अनेक वाहनांना धडक दिली आणि तिघांचा जीव गेला. त्या पुलावरून मी आठवड्यातून दोनदा जातो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्यांतून सुट्टीवर आलेली मुले हेच रस्ते पहिल्यांदा पाहत असतात, आणि शक्तिशाली गाडी हाती देताना त्यांना एक पान भरून माहिती सांगण्याचीही पद्धत नाही.

वेग वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याला जागा हवी आणि गुरू हवा. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडात २०११ पासून बुद्ध सर्किट आहे. गोव्यातून यांतले कोणतेच जवळ नाही, तरी त्या संध्याकाळनंतर भाचा रजा काढून दक्षिणेतल्या एका बंदिस्त ट्रॅकवर दोन दिवस शिकून आला. पहिला सबंध दिवस त्याला वेगाने पळवू दिले नाही. आसन कसे लावायचे, नजर कुठे ठेवायची, वळणाआधी सरळ रेषेतच ब्रेक कसा संपवायचा, पाणी मारलेल्या गुळगुळीत वर्तुळावर गाडी मुद्दाम घसरवून ती पुन्हा कशी धरायची, हेच चालले होते. त्या वर्तुळावर तो अकरा वेळा गरगर फिरला, आणि तिथे गडगा नव्हता.

परत आल्यावर त्याने मला सर्वांत जास्त सांगितले ते ब्रेकविषयी. सत्तरच्या वेगातून पूर्ण जोर लावून थांबायचे होते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू झाली की पेडल पायाखाली थडथडते आणि शिकाऊ माणूस घाबरून पाय ढिला सोडतो. पाच वेळा त्याचा पाय असाच ढिला पडला. सहाव्या वेळी गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्याने तो दाबून धरला.