क्रँकचे मागचे सील निवडताना: माझा अनुभव

पावसाळा संपता संपता, सासवडजवळच्या खाणीवर आमच्या पोकलेनच्या इंजिनाखाली तेल ठिबकू लागले. थेंब फ्लायव्हील हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावरच्या आवरणाच्या, तळातून पडत होता, त्यामुळे क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील (दांड्याभोवती तेल अडवणारे गोल कडे) गेले, हे मिस्त्रींनी लगेच ओळखले. जुन्या सीलवरचे माप पाहून मी बाजारातून त्याच मापाचे सील आणले आणि पंप, कपलिंग, फ्लायव्हील उतरवण्याचा दोन दिवसांचा खटाटोप करून ते बसवले. तीन आठवड्यांत तेल पुन्हा ठिबकू लागले.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. उतरवलेले सील उलटसुलट करून पाहिले, तेव्हा ओठालगत, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेलगत, बारीक तिरप्या रेषा दिसल्या. या रेषा निसटू पाहणारे तेल परत आत ढकलतात, पण शाफ्ट ठरावीक दिशेने फिरला तरच. बहुतेक डिझेल इंजिने पुढून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणजे मागून, फ्लायव्हीलकडून पाहता काट्यांच्या उलट. आणि मी आणलेल्या सीलच्या दर्शनी बाजूवरचा बाण मात्र काट्यांच्या दिशेचा होता. माप तंतोतंत जुळत असूनही ते सील तेल बाहेरच ओढत होते.

शिवाय ते नायट्रिल या रबराचे होते. नायट्रिल साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, तर बाजारात ज्याला व्हायटॉन म्हणतात ते फ्लोरोरबर 200 अंशांच्या आसपासची उष्णता सोसते. रंगावरून व्हायटॉन ओळखण्याची दुकानांतली पद्धत मला मुळीच भरवशाची वाटत नाही.

शाफ्ट पुसून त्यावरून आडवे नख फिरवले, तर ते जुन्या ओठाने पाडलेल्या चरीत अडकले. अशा चरीवर कोणतेही सील धरत नाही. म्हणून या वेळी सीलवरच्या मापाऐवजी इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक देऊन टेफ्लॉनच्या ओठाचे सील आणि शाफ्टवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मागवली. स्लीव्हची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असल्याने सीलचे माप बदलावे लागले नाही.

बसवताना मिस्त्रींनी सवयीने बोटावर ग्रीस घेतले, तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण त्या सीलचा ओठ कोरडाच बसवायचा होता. सोबत आलेली प्लॅस्टिकची कडीही सील शाफ्टवर सरकेपर्यंत काढली नाही. शेवटी ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधला (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतला) दाब बाहेर सोडणारी नळी सोडवली, तर ती काजळीने निम्मी बुजलेली होती. क्रँककेसमधल्या दाबाला वाट नसेल तर नवे सीलही गळते, म्हणून ती स्वच्छ धुतली आणि मगच इंजिन चालू केले.