पुठ्ठ्यामागचं लिलीचं फूल

कागदावर छापलेलं जुनं चित्र, म्हणजे छापा, टेबलावर आला तो पुठ्ठ्याला सरसाने गच्च चिकटवलेला. कोण्या जुन्या फ्रेमवाल्याचं काम. मी लंडनमध्ये कागद-संवर्धन करते. अठराव्या शतकातला इटालियन छापचित्रकार पिरानेसी, त्याच्या रोमच्या दृश्यांपैकी काही याआधी हाताखालून गेलीत, पण असे हाल झालेलं एकही नाही. मालकांना पुठ्ठा काढून, दाबून सपाट करून हवा होता.

दाबायला मी साफ नकार दिला. दिवा आडवा धरला, त्यांच्या हातात भिंग दिलं. सावलीतल्या रेघांवर शाई उभी होती, हातावर नुकतीच काढलेली ओली मेंदी उठून दिसते तशी. असे छापे करताना तांब्याच्या पत्र्यावरच्या आम्लरोधक लेपात सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. आकाशाच्या रेघा हलक्या खाल्ल्या गेल्या की वार्निशने झाकायच्या, जवळच्या सावल्यांना पुन्हा आम्ल पाजायचं. जितकी खाच खोल, तितकी शाई जास्त. ओलसर कागद दाबाखाली त्या खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. पिरानेसीच्या काळोखाला अशी उंची असते. ती चेपली की चित्र मेलं.

दृश्य होतं ज्युपिटर टोनान्सच्या देवळाचं. आज ते रोमन सम्राट व्हेस्पेशियनचं म्हणून ओळखतात. तीन खांब जवळजवळ गळ्यापर्यंत मातीत गाडलेले, वर तुटक्या लेखाची उरलेली अक्षरं: एस्टिटुएर. पत्र्यावर ही अक्षरं त्याने उलटी काढली असणार, कारण छापताना सगळं फिरतं. शेजारी माणसं केवढीशी! शिक्षणाने तो वास्तुविशारद, पण दगडाचं वजन दाखवायला माणसं किती लहान करायची, हे मला त्याचं खरं कसब वाटतं.

दिवसभर पुठ्ठा थराथराने सोलला. सरस ओलाव्याने फुगवून लाकडी पट्टीने काढला. संध्याकाळी मोकळा कागद प्रकाशाच्या टेबलावर ठेवला आणि हात थांबला. दुहेरी वर्तुळात लिलीचं फूल! हे जलचिन्ह, म्हणजे उजेडात दिसणारी कागदातलीच खूण, असलेला कागद रोमच्या छपाईत सापडतो. पिरानेसी 1778 मध्ये गेला, 1799 मध्ये मुलांनी त्याचे तांब्याचे पत्रे पॅरिसला नेले. हा छापा बहुधा त्याआधीचा.

ब्लॉटिंग पेपरमध्ये हलक्या वजनाखाली वाळवला. कागद किंचित लहरी राहिला. न्यायला आले तेव्हा मालकांनी सपाटपणाचं नावही काढलं नाही. आधी भिंग मागितलं.