रायण्णाचं झाड

"तुम्ही मराठी माणसं, मग नंदगडला रायण्णाच्या समाधीपुढं हात का जोडता?" हा प्रश्न मला बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठतो. मराठीवाले विचारतात, कन्नडवालेही विचारतात. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नंदगड आमच्याकडं, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात.

रायण्णा इंग्रजांशी लढला. मूळ लढाई कित्तूर संस्थानची, तेही बेळगाव जिल्ह्यातलंच. 1824 साली तिथला राजा वारला आणि इंग्रजांनी दत्तक मानला नाही. धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौजफाटा घेऊन दारात आला. 23 ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा उघडेना म्हणून त्यानं तोफा लावल्या. दरवाजा उघडला, पण आतनं कित्तूरची माणसं तुटून पडली आणि थॅकरे जागीच ठार झाला. डिसेंबरात इंग्रज मोठं सैन्य घेऊन परत आले, किल्ला पडला, राणी चेन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेली. 1829 साली तिथंच वारली.

आमच्या आजीला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. तिची गोष्ट सुरूच व्हायची ती किल्ला पडल्यावर. संगोळ्ळीचा रायण्णा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन कसणारा. जमिनीवर नव्या सरकारचा हात पडला तसा तो माणसं जमवून कचेऱ्या जाळत सुटला. आमच्या तालुक्यातली बिडीची कचेरीही त्यानं जाळली. "दप्तर जळलं की जमीन सुटली, येवढं कळत होतं बघ त्याला," आजी म्हणायची. हे तिला नीट उमगायचं. तिच्या शेताचा उतारा कन्नडात यायचा आणि ती तो पदराखाली धरून गल्लीतल्या कन्नड मास्तरांकडं वाचून घ्यायला जायची. मास्तर वाचायचे, वर चहाही पाजायचे.

फितुरीनं रायण्णा सापडला. 26 जानेवारी 1831 ला त्याला नंदगडात फाशी दिलं. किल्ला कित्तूरकरांचा, उत्सवही त्यांचा. आमच्या वाट्याला वडाचं झाड आलं, समाधीवरचं. शाळेत असताना त्या तारखेला आधी झेंडावंदन, मग समाधी, मग पेढा. पुढं कितीतरी वर्षं मला दोन्ही एकच सण वाटायचे.

वडाला लाकडी पाळणे टांगलेले दिसतात, मुठीत मावतील एवढे. मूल व्हावं म्हणून बायका बांधतात. फासावर गेलेल्या माणसाकडं मूल मागायचं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. माझ्या काकूनंही बांधला होता. मुलगा झाला. नाव शिवाजी ठेवलं. तो आता बेंगळुरात असतो, आणि कन्नड माझ्यापेक्षा फर्मास बोलतो.