बर्फातली पिकअप सफर आणि हौद्यावरचं परवडणारं कव्हर

या सफरीला दोन पिकअप होत्या. आमच्या हौद्यावर तीन घड्यांचं नरम व्हिनाइलचं कव्हर, तर मित्राच्या गाडीवर गुंडाळी होणारं, कडांना वेल्क्रो असलेलं. दोन्ही स्वस्तातली. रस्ता पठारावरून डोंगरात चढणारा, खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरणारा. वाटेत कोरडा भुसभुशीत बर्फ, गोठता पाऊस आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल, तिन्ही मिळाले. त्यामुळे कव्हरांची परीक्षा आपोआप झाली.

पठारावर काही घडलं नाही. वारा होता, पण दोन्ही कव्हरं ताणलेली होती आणि फडफडली नाहीत.

खिंडीकडे चढताना थंडी वाढली. उणे ९ अंशांच्या आसपास साधं मीठ रस्त्यावर फारसं काम करत नाही, त्यामुळे वर चिखलाऐवजी कोरडी बर्फाची भुकटी उडत होती. ही भुकटी कापडातून आत येत नाही, ती मागून येते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, फटींतून भुकटी आत ओढली जाते. थांबल्यावर पाहिलं, तर दोन्ही हौद्यांत फाळक्याला लागून पांढरा थर होता. पुढच्या, केबिनकडच्या बाजूला सामान कोरडं. कव्हर घेताना लोक कापडाची जाडी चाचपतात. माझ्या मते त्याआधी फाळक्याभोवती लावायच्या रबरी पट्टीचे पैसे बाजूला ठेवावेत. ती वेगळी मिळते, चिकटवायची असते आणि कव्हरच्या मानाने किरकोळ खर्चाची असते. मात्र धातू पुसून, कोरडा करून, हवा उबदार असतानाच चिकटवा. गारठलेल्या पत्र्यावर गोंद धरत नाही.

खरा फरक मुक्कामी कळला. संध्याकाळी बर्फ पडला, रात्री गोठता पाऊस झाला आणि सकाळी सगळ्यावर काचेसारखा थर. आमच्या कव्हरचे खटके आतल्या बाजूला, फाळका उघडल्यावर हाताशी येणारे. आधी मऊ ब्रशने बर्फ झाडला, कडेला तळहाताने थोपटलं आणि घडी सुटली. मित्राचं वेल्क्रो मात्र बर्फाने भरलं होतं. ओढून निघालं, पण परत लावताना चिकटेना. वेल्क्रोच्या बारीक आकड्यांमधला बर्फ वितळून सुकल्याशिवाय ते धरत नाही. शेवटी कडेवर पट्टे आवळून पुढचा प्रवास झाला. गुंडाळीचं कव्हरच हवं असेल, तर कडा वेल्क्रोऐवजी खाचेत अडकणारी घ्या. आणि वर बर्फ असताना गुंडाळू नका. तो गुंडाळीत अडकतो, रात्री गोठतो, मग ती उलगडत नाही.

शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीवर कडेने बटणं दाबून लावायचं कव्हर होतं. व्हिनाइल थंडीत आखडतं, त्यामुळे बटण आणि त्याची जागा यांत बोटभर अंतर पडलं होतं आणि मालक दोन्ही हातांनी ताणत होता. सर्वांत स्वस्त प्रकार बहुतेक हाच. बर्फाच्या मुलखासाठी मी तो घेणार नाही. कव्हर कुठलंही असो, ताण कमीजास्त करायचा स्क्रू आहे का ते पाहा. आणि खटका जाड हातमोजे घालून उघडता येतो का, हे घेण्याआधी करून बघा. दुकानात उबेत उभं राहिल्यावर हे कुणाला सुचत नाही.

आता वजनाचं. हौदा साधारण २ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद धरा, म्हणजे ३.२ चौरस मीटर. त्यावर ३० सेंटिमीटर ताजा, कोरडा बर्फ साचला, तर घनमीटरला १०० किलोच्या हिशेबाने ९५ किलोंच्या आसपास भार येतो. तोच बर्फ ओला, दबलेला असेल, तर घनमीटरला ३०० किलोही भरतो आणि भार २९० किलोंच्या घरात जातो. नरम कव्हरला आतून ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचा आधार असतो; त्या कमी असतील तर मधे झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, ते गोठतं. म्हणून स्वस्तात घेताना पट्ट्या मोजा. कडक पॅनेलच्या घडीच्या कव्हरांवर १८० किलोंच्या आसपासचा आकडा सर्रास लिहिलेला दिसतो, पण तो सगळीकडे सारख्या पसरलेल्या भाराचा असतो. त्यावर उभं राहायचा परवाना नव्हे. गाडी आठवडाभर उघड्यावर उभी राहणार असेल आणि ओला बर्फ पडत असेल, तर थोडे थांबून पैसे जमवा आणि कडक पॅनेलचंच घ्या. रोज झाडायची तयारी असेल, तर घडीचं नरम कव्हर पुरतं.

केबिनमागच्या डब्यात सरकत जाणारं कडक कव्हर दिसायला झकास, पण त्याचं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या गोठल्या की पाणी डब्यात साचतं. शिवाय किमतीने ते आपल्या गप्पांत बसतच नाही.

मागवण्याआधी हौद्याची लांबी आतून, केबिनकडच्या भिंतीपासून बंद फाळक्यापर्यंत मोजा. एकाच मॉडेलला दोन-तीन लांबीचे हौदे येतात. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल आणि ते कडेवरून वर आलेलं असेल, तर कव्हर कडेला पकडून ठेवणारा क्लॅम्प बसत नाही. तिथे अस्तर कापावं लागतं.

दरीत उतरताना मिठाचा चिखल सुरू झाला. निघण्याआधी कव्हरवरचा बर्फ पूर्ण झाडला होता, नाहीतर त्याची लादी मागच्या गाडीच्या काचेवर जाते. लोखंडी फावडं वापरू नका, व्हिनाइल फाटतं. गरम पाणीही नको, ते फटीत जाऊन पुन्हा गोठतं. रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमच्या ग्रीसने बरंचसं रबर फुगतं. कव्हर पुढे दुमडून गाडी चालवायची वेळ आली, तर पट्टे घट्ट बांधा आणि केबिनमागचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जात नाही ना, ते पाहा. सामान ओलं ठेवू नका, त्याची वाफ कव्हरच्या आतून दव होऊन गोठते आणि उघडताना सगळी अंगावर झडते.

घरी आल्यावर दोन्ही गाड्यांच्या रेल आणि क्लॅम्प साध्या पाण्याने धुतले. ॲल्युमिनियमचा क्लॅम्प लोखंडी पत्र्याला टेकतो, मधे खारं पाणी राहिलं की गंज तिथूनच धरतो. क्लॅम्पचे बोल्टही पुन्हा आवळले. हादऱ्याने ते सैल पडले होते, मित्राचे जरा जास्तच.