हाड जुळलं, मग हात का हलत नाही?

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तरी हात का हलत नाही, आणि मालिशचा काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हे सगळं मी रुग्णाचं मनगट फिरवता फिरवता बोलत असते, त्याचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून. मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टर काढून आलेला माणूस एक्स-रे माझ्यापुढे धरतो आणि तक्रारीच्याच सुरात म्हणतो, "हाड तर जुळलंय म्हणतात. मग हात का हलत नाही? आणि एवढा वाळला कसा?"

थोडा दोष एक्स-रेचाच. त्यात ठळक दिसतात ती हाडं. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रॉन्टगेननं १८९५ साली बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, त्यातही नजरेत भरतात ती हाडं आणि बोटातली अंगठी. हात हलवणारं जे काही आहे, त्याची नुसती धूसर सावली. सांध्यात दोन हाडांमध्ये काळी फट दिसते, ती पाहून तर लोक घाबरतातच. ती रिकामी नसते. तिथे गुळगुळीत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं लवचिक आवरण असतं, फक्त ते एक्स-रेत उमटत नाही.

हाड आपणहून कधीच हलत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात हाडं २०६ (बाळाच्या अंगात बरीच जास्त, पुढे त्यातली काही एकमेकांना जुळून एक होतात) आणि त्यांना हलवायला ६०० हून अधिक स्नायू. स्नायूला काम येतं एकच, आखूड होणं. तो ओढतो, ढकलणं त्याला जमत नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हासुद्धा दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या टोकाला ओढतच असतो. म्हणून स्नायूंच्या जोड्या असतात. मुलं बेटकुळी काढून दाखवतात तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आवळलेला असतो आणि मागच्यानं ढील दिलेली असते. सहा आठवडे कोपर काटकोनात अडकलं, की पुढचा त्या आखूडपणालाच सरावतो आणि मागचा कामच विसरतो.

एक करून बघा. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं टाइप केल्यासारखी हलवा. हालचाल तिथे, कोपराजवळ जाणवेल. बोटं वाकवणारे, सरळ करणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात, पण दांडगे सगळे मनगटाच्या वर, आणि तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे पट्टे, मनगटावरून पेरांपर्यंत गेलेल्या. म्हणून मनगट मोडलेल्याची मूठ वळत नाही. बोटांना तर काही झालेलंच नाही, असं म्हणत तो सगळ्यात जास्त चिडतो.

आता हाडाकडे. हाड जुळणं म्हणजे भिंतीची भेग सिमेंटनं बुजवणं नव्हे. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं. मग दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड धरतो. त्यात हळूहळू खनिज भरून तो कडक होतो, पण असतो ओबडधोबड. पुढे कित्येक महिने, कधी वर्षंही, हाड कुरतडणाऱ्या आणि हाड रचणाऱ्या पेशी मिळून तो घडवत बसतात. कुठे तासायचं, कुठे भर घालायची, हे हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२ सालीच हे मांडलं होतं. अंतराळात भार जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटतं. प्लास्टरमध्येही थोडंफार तेच चालतं. मोडलेली जागा जुळत असते आणि शेजारचं धडधाकट हाड विरळ होत असतं.

स्नायू तर हाडाहून उतावळा. एक-दोन आठवडे काम मिळालं नाही की बारीक व्हायला लागतो. त्याचे तंतू मरत नाहीत, एकेक तंतू रोडावतो. हे मला पाठ होतं, तरी माझंच मनगट मोडलं आणि प्लास्टर निघाल्यावर कुलपात किल्ली फिरेना, तेव्हा मी दारातच रडले. रोज टेपनं हाताचा घेर मोजायचे. तीन आठवड्यांनी किल्ली फिरली. घेर होता तेवढाच! सुरुवातीला जी ताकद परत येते ती मांसाची कमी आणि मेंदूची जास्त. निजलेल्या तंतूंना पुन्हा कामावर बोलावायला मेंदू आधी शिकतो, स्नायू भरतो त्यानंतर. म्हणून पहिल्या महिन्यात तरी टेप कपाटात ठेवा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, मालिशचा. तेल लावून हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटतं. पण त्यानं स्नायूला ताकद येत नाही, त्याला स्वतः आवळावंच लागतं. आणि मोडून जुळलेलं कोपर असेल तर कोणी कितीही मायेनं म्हणालं तरी रगडून घेऊ नका, जबरदस्तीनं वाकवून घेऊ नका. दुखावलेल्या स्नायूला असा मार बसत राहिला तर कधी कधी त्या स्नायूतच हाड तयार होतं. खरोखरीचं हाड, एक्स-रेत पांढरं दिसणारं, आणि मग सांधा कायमचा अडूही शकतो. कोपर तुमचं तुम्हीच वाकवा, दिवसातून पाच-सहा वेळा, ताण बसेल तिथपर्यंत. कळ आली की तिथे थांबा.