अपडेटनंतर मंदावणारा पडदा आणि सेवा केंद्राच्या तीन फेऱ्या

मी पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे काम करतो आणि गेली काही वर्षे ते टॅबवरच करतो. मार्चमध्ये एका रात्री टॅबने सॉफ्टवेअर अपडेट घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसलो, तर पडदा दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप मंद होऊ लागला, इतका की ‘कि’ आहे की ‘की’ हे ओळखण्यासाठी डोळे बारीक करावे लागत. पट्टी सरकवून प्रकाश वाढवावा, तर पान उलटेपर्यंत तो पुन्हा खाली आलेला असे.

बॅटरी सेव्हर बंद होता, नाइट लाइट बंद होता आणि टॅब तापलेलाही नव्हता, तेव्हा सेवा केंद्र गाठले. तिथे पन्नास मिनिटांनी माझा क्रमांक लागला. काउंटरवरच्या तरुणाने काचेच्या दर्शनी भिंतीतून येणाऱ्या भर दुपारच्या उजेडात टॅब हातात धरला आणि म्हणाला, “काका, चालतोय की व्यवस्थित.” भरपूर उजेडात तो व्यवस्थितच चालत होता, बिघाड मंद प्रकाशातला होता. हे मी त्याला दोनदा सांगितले, पण डोळ्यांसमोर न दिसणारी तक्रार नोंदवण्याची तिथे सोय नसावी.

दुसऱ्या खेपेस पुरावा म्हणून टॅबचेच स्क्रीन रेकॉर्डिंग नेले. ते लावले, तर पडदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लख्ख! असे रेकॉर्डिंग पडद्यावरचे चित्र टिपते, त्यामागच्या दिव्याची तीव्रता त्यात येतच नाही, हे मला तिथे उभे असताना उमगले आणि स्वतःचाच राग आला. घरी येऊन मुलीच्या फोनने चित्रण केले, तर त्यातही फरक जेमतेम दिसला, कारण टॅब मंद झाला की फोनचा कॅमेरा आपले एक्स्पोजर, म्हणजे टिपला जाणारा प्रकाश, वाढवून ती तूट भरून काढतो. अखेर कॅमेऱ्यात पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक केले आणि शेजारी एक पांढरा कागद ठेवला. कागद होता तसाच राहिला आणि पडदा विझत गेला. तिसऱ्या खेपेस हे चित्रण पाहून तक्रार नोंदवली गेली खरी, पण उपाय सांगितला तो असा: आधी फॅक्टरी रिसेट, म्हणजे टॅबमधला सगळा मजकूर पुसायचा, आणि त्यानेही न भागल्यास साडेसहा हजार रुपये भरून डिस्प्ले बदलायचा. अर्धवट तपासलेली तीन पुस्तके टॅबमध्ये असताना मी याला होकार देणे शक्यच नव्हते.

आधी करायला हवी होती ती तपासणी मी त्या रात्री केली. पुढच्या कॅमेऱ्याजवळ प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. त्याचे आकडे दाखवणारे एक मोफत ॲप घेतले. टेबलावर १४० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास आकडा होता, सेन्सरवर अंगठा ठेवताच तो शून्याजवळ गेला, आणि पडदा मंद होत असताना मात्र १४० वरून हलला नाही. म्हणजे सेन्सर शाबूत होता आणि त्याच्या आकड्यावरून किती प्रकाश द्यायचा हा हिशेबच बिघडला होता. अँड्रॉइडमध्ये २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून अडॅप्टिव्ह ब्राइटनेसची सोय आहे, ती आपण पट्टी कुठे सरकवतो हे पाहून आपली आवड शिकते. अपडेटनंतर ही शिकवणी बिनसली असावी, असा मी तर्क केला.

सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत सिस्टिम ॲप्स दाखवायला सांगितली, तेव्हा डिव्हाइस हेल्थ सर्व्हिसेस सापडले. त्याच्या स्टोरेजमध्ये अडॅप्टिव्ह ब्राइटनेस रिसेट करण्याचे बटण होते. प्रत्येक कंपनीच्या टॅबमध्ये ते याच जागी असेल असे नाही. ते दाबले आणि पुढचा आठवडाभर, पडदा मंद वाटेल तेव्हा तेव्हा, न कंटाळता पट्टी हाताने सरकवत राहिलो. काम अडलेलेच असेल, तर तोवर स्वयंचलित प्रकाश सरळ बंद ठेवावा. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

आता पडदा ठीक आहे आणि तिन्ही पुस्तके छापायला गेली. सेवा केंद्राकडून मात्र अजून दर सोमवारी ‘आपली तक्रार प्रक्रियेत आहे’ असा संदेश येतो.