न्युर्बुर्गरिंग: आयफेलच्या डोंगरातला एक थरारक दिवस

जर्मनीत मुलांकडे किंवा भावंडांकडे जाणाऱ्यांची यादी साधारण ठरलेली असते. कलोनचं कॅथेड्रल, ऱ्हाइनमधली बोट, हायडलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट. घरात गाड्यांचं वेड असलेलं एक जरी माणूस असलं, तरी त्या यादीतलं काहीतरी कापा आणि एक दिवस न्युर्बुर्गरिंग या मोटार शर्यतींच्या सर्किटला द्या. आमच्याकडे हे वेड मला आणि लेकीला. बायको आणि बॉनचा मावसभाऊ सोबत म्हणून आले होते. दुपारनंतर मात्र कुंपणाजवळची जागा सोडायला तेच तयार नव्हते.

इथे मुळात दोन ट्रॅक आहेत. १९८४ साली बांधलेला ग्रां प्री ट्रॅक चांगला आहे, पण तसे ट्रॅक जगात इतरही आहेत. ज्यासाठी जायचं तो जुना, १९२७ साली खुला झालेला नॉर्डश्लाइफे. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं ७३, आणि नुरबुर्ग गाव किल्ल्यासकट त्याच्या वेढ्यात. ठरावीक दिवशी आणि वेळी इथे कोणीही तिकीट काढून आपली गाडी चालवू शकतं. याला टुरिस्टेनफार्टन म्हणतात. कुंभार्ली घाट एकेरी केला, तोंडाशी टोलनाका बसवला आणि बहुतेक भागातली वेगमर्यादा काढून टाकली, तर जे होईल ते इथे त्या वेळी होतं. पुढे एखादी साधी फोक्सवॅगन, मागे पोर्शे, त्यामागे मुलांना घेऊन निघालेली स्टेशन वॅगन!

कलोन किंवा बॉनहून गाडीने साधारण तास-सव्वा तास लागतो. रेल्वे तिथवर जात नाही, आणि बसच्या वेळा सांभाळत बसलात तर दिवस त्यातच जाईल. तेव्हा गाडी हवीच. निघण्याआधी सर्किटच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक नीट बघा. शर्यत असेल तर टुरिस्ट फेऱ्या बंद असतात, आणि आठवड्यातल्या दिवशी त्या बहुतेकदा संध्याकाळी दोन-अडीच तासच चालतात. पूर्ण दिवस हवा असेल तर शनिवार-रविवार गाठा. अपघात झाला की ट्रॅक मध्येच बंद होतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. म्हणून परतीची घाई ठेवू नका.

सकाळी आधी ब्रुनशेनला जा. जंगलातला उताराचा भाग, बाजूला गवताची चढण, तिथे लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले असतात. टुरिस्ट फेऱ्यांच्या दिवशी इथे बघायला तिकीट लागत नाही. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो, आणि तासाभरात लेक नुसत्या आवाजावरून पुढची गाडी ओळखायला लागली. टीव्हीवर हा ट्रॅक सपाट दिसतो. कुंपणाशी उभं राहिल्यावर कळतं की तो मुळीच सपाट नाही. गाडी वरून येते, ब्रेक लागतात, नाक खाली दाबलं जातं, मागचं टोक हलकं होऊन किंचित सरकतं आणि तापलेल्या ब्रेकचा वास आपल्यापर्यंत येतो. डांबरावर चाहत्यांनी रंगाने लिहिलेली नावं आणि चित्रं एकावर एक चढलेली.

सगळ्यात खालचा भाग ब्राइडशाइडला, आडेनाऊ गावाला लागून. तिथून होहे आख्टपर्यंत ट्रॅक जवळजवळ तीनशे मीटर वर चढतो. या चढाच्या सुरुवातीलाच बेर्गवेर्क हे वळण आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी त्याच्या अलीकडे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत चालक निकी लाउडाची फेरारी दरडीवर आदळून पेटली. मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चार चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्याला आगीतून ओढून काढलं. सहा आठवड्यांनी तो इटलीतल्या मोंझाला पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. नॉर्डश्लाइफेवर त्यानंतर फॉर्म्युला वन झाली नाही. इतक्या लांबीच्या ट्रॅकवर मदत वेळेत पोहोचणं किती अवघड आहे, हे तिथल्या झाडीत उभं राहिलं की कोणी सांगावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्याच भेटीत स्वतः गाडी चालवू नका. हे मी ठामपणे सांगतो. भाड्याच्या गाड्यांच्या करारात इथे जायला बहुधा स्पष्ट मनाई असते, आणि नातेवाइकाची गाडी असली तरी तिचा विमा ट्रॅकवर लागू होईलच असं नाही. कठड्याला धडकलात तर कठड्याच्या दुरुस्तीचं, गाडी ओढून नेण्याचं आणि ट्रॅक बंद ठेवल्याचं बिल तुमच्या नावावर येतं. चालवायचंच असेल तर आसपास ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात, सोबत प्रशिक्षक घ्या. एका फेरीचं तिकीट साधारण तीस-पस्तीस युरोंच्या घरात आहे. ओव्हरटेक फक्त डावीकडून, मागून वेगवान गाडी आली की उजवीकडे राहायचं, आणि घड्याळ लावून फेरी मोजायला बंदी आहे. डोळे जितके समोर, तितकेच आरशात हवेत.

त्यापेक्षा अनुभवी चालकाच्या शेजारी बसून फेरी मारा. तिचे पैसे बरेच जास्त पडतात, पण दिवसाचा सगळा खर्च इथे करावा इतकी ती मोलाची आहे. आठवडे आधी नोंदवावी लागते आणि लहान मुलांसाठी उंचीची अट असते, ती विचारून घ्या. लेक पुढे बसली, मी मागे. सुरुवातीची हात्सेनबाखची डावी-उजवी वळणं अंगाला सवय होण्याआधीच संपतात. मग फुक्सरोरेचा उतार. झाडांमधून सरळ खाली कोसळतो आपण, तळाशी गाडी जमिनीत दाबली जाते, मान आपोआप छातीकडे झुकते आणि पुढच्या क्षणी वर चढायला लागतो. चालकाचे हात मात्र अगदी शांत. स्टिअरिंगला झटका नाही, नुसतं वळवत राहणं.

कारुसेल या वळणाला गाडी काँक्रीटच्या तिरप्या वाडग्यात उतरते. डावी चाकं खाली, उजवी वर, प्रत्येक फरशीच्या सांध्याचा ठोका सीटमधून थेट पाठीत बसतो, खिडकीतून फक्त काँक्रीट दिसतं आणि शेवटी गाडी त्यातून उसळून बाहेर पडते. १९५७ साली ४६ वर्षांचा अर्जेंटिनाचा चालक फांजिओ याच वळणांवर जवळजवळ पन्नास सेकंदांची पिछाडी भरून काढत दोन्ही फेरारींना मागे टाकून जिंकला होता. ते वाचलं कितीदा तरी होतं. त्या काळातल्या अरुंद टायरांवर, सीटबेल्टशिवाय त्याने हे केलं, याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. २०१८ साली चालक टिमो बेर्नहार्डने पोर्शे ९१९ इव्हो या शर्यतीच्या गाडीतून ही फेरी ५ मिनिटं १९.५ सेकंदांत मारली. आमची फेरी त्याच्या दीडपटीहून जास्त वेळाची असेल, आणि तरी खाली उतरल्यावर लेकीला काही वेळ बोलता येईना.

नॉर्डश्लाइफेच्या पहिल्या वळणाला साबीने श्मिट्झचं नाव आहे. ती नुरबुर्गचीच. १९९६ साली इथली २४ तासांची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि पर्यटकांना फेऱ्याही घडवत असे. २०२१ मध्ये ती गेली. मुली सोबत असतील तर तिची गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा.

पुण्या-चाकणकडे वेष्टण लावलेल्या चाचणीच्या गाड्या बघून थांबणारे आपण लोक. तसलं आवडत असेल तर आठवड्यातल्या दिवशी जा. कंपन्या तेव्हा ट्रॅक चाचणीसाठी घेतात आणि काळ्या-पांढऱ्या नक्षीत लपवलेल्या नव्या गाड्या गावातल्या पेट्रोल पंपावरही दिसतात.

जेवणाचं सांगायचं तर सॉसेज आणि फ्रेंच फ्राइज सगळीकडे, शाकाहारी लोकांना त्यापलीकडे फारसं नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तसंच करा. जुलैतही रेनकोट आणि स्वेटर हवा, कारण एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे इथे नेहमीचं. बूट चिखल चालेल असे घाला, जंगलातल्या पाऊलवाटा निसरड्या होतात. आणि नुरबुर्गचा किल्ला शेवटी ठेवा, पण दार बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. बुरुजावरून खाली जंगल आणि ट्रॅकचे तुकडे दिसतात, आणि दिवसभर जिथे जिथे उभे होतो त्या जागा एकेक करून ओळखता येतात.